साफसफाईच्या रासायनिक मिश्रणाचे पेटंट आणि ‘हे तर कुणालाही सुचले असते’ हा आक्षेप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपडे, भांडी, फरशी किंवा यंत्रांचे भाग स्वच्छ करणारी मिश्रणे तयार करणारे लघुउद्योजक आणि प्रयोगशाळेत काम करणारे रसायनतज्ज्ञ पेटंटचा विचार करू लागले, की जे प्रश्न हटकून विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे मुख्यतः भारतीय कायद्याला धरून आहेत; अमेरिका आणि युरोप यांचा उल्लेख मुद्दा स्पष्ट होण्यापुरताच केला आहे.

कायद्याची नेमकी कसोटी कोणती?

पेटंट कायदा, १९७० याच्या कलम २(१)(जेए) मध्ये ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ची व्याख्या दिली आहे. शोधामध्ये असे काही वैशिष्ट्य असले पाहिजे, की जे आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती दाखवते, किंवा ज्याला आर्थिक महत्त्व आहे, किंवा ज्यात या दोन्ही गोष्टी आहेत. आणि त्या वैशिष्ट्यामुळे तो शोध त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा राहत नाही. बरेच अर्जदार या व्याख्येचा पूर्वार्ध वाचून थांबतात आणि ‘आमचे द्रावण लिटरमागे स्वस्त पडते’ एवढ्यावर भिस्त ठेवतात. प्रत्यक्षात खरी अडचण उत्तरार्धात असते. स्वस्ताईला आर्थिक महत्त्व आहे हे कुणी नाकारत नाही. पण महाग घटक काढून त्याच कामाचा परिचित स्वस्त घटक घातला असेल, तर ती युक्ती कोणत्याही कारखान्यातील रसायनतज्ज्ञाला सुचली असती, असेच उत्तर मिळते.

आमच्यासारखे मिश्रण बाजारात कुणीच विकत नाही. मग ते सहज सुचण्याजोगे कसे ठरते?

नावीन्य आणि सहज न सुचणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. तुमचे सगळे घटक त्याच प्रमाणात एकाच जुन्या दस्तऐवजात सापडले नाहीत, तर नावीन्याची परीक्षा तुम्ही उत्तीर्ण झालात. दुसऱ्या परीक्षेत मात्र पेटंट कार्यालयातील परीक्षकाला दोन-तीन दस्तऐवज शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची मुभा असते, आणि साफसफाईची मिश्रणे बहुतेक वेळा तेथेच अडकतात.

याचे नेमके उदाहरण अमेरिकेत १९८० मध्ये निकाली निघालेल्या केरखोव्हेन प्रकरणात मिळते, आणि योगायोगाने ते कपडे धुण्याच्या पावडरीचेच आहे. स्प्रे-ड्राय पद्धतीने वाळवलेली नेहमीची दोन डिटर्जंटे एकत्र मिसळण्यापलीकडे ज्या दाव्यांमध्ये (म्हणजे अर्जातील हक्क मागणाऱ्या कलमांमध्ये) काही नव्हते, ते दावे सकृद्दर्शनी सहज सुचण्याजोगे आहेत, असे न्यायालयाने म्हटले. तत्त्व साधे आहे : दोन पदार्थ एकाच कामासाठी उपयोगी पडतात हे आधीच माहीत असेल, तर त्याच कामासाठी ते एकत्र करण्याची कल्पना त्या माहितीतच दडलेली असते. अशी नेमकी तीच जोडी पूर्वी कुणी विकली नव्हती, हे खरे असूनही त्याने फरक पडत नाही. येथे ‘सकृद्दर्शनी’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण अर्जदाराला अनपेक्षित परिणाम दाखवून हा ग्रह खोडून काढता येतो.

‘त्या क्षेत्रातील जाणकार’ म्हणजे नेमका कोण?

ती खरीखुरी व्यक्ती नसून कायद्याने कल्पिलेली व्यक्ती आहे. ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा आम्लधर्मी कच्चा माल) कॉस्टिकने उदासीन केल्यावर काय मिळते, एसएलईएस या फेस करणाऱ्या द्रव्यामध्ये मीठ वाढवले की द्रावण आधी घट्ट होते आणि एका मर्यादेनंतर पुन्हा पातळ पडते, ईडीटीए पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवते, या गोष्टी तिला तोंडपाठ असतात. प्रकाशित झालेले सगळे संबंधित साहित्य तिने वाचलेले आहे असे धरले जाते. मात्र ती प्रतिभावान नसते. ठरावीक चाचण्या करते, ठरावीक फेरबदल करते आणि वाट सोडून जात नाही. घरी साबण बनवून पाहणारी हौशी व्यक्ती किंवा नवा रेणू शोधणारा थोर शास्त्रज्ञ या दोघांपैकी कुणाच्याही नजरेने मिश्रणाकडे पाहायचे नाही.

भारतात या विषयाचा पाया घालणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात दिला. वाद भांड्यांशी संबंधित होता, मात्र भांडी घासण्याशी नव्हे, तर ती कातकामासाठी लेथवर धरून ठेवण्याच्या साधनाशी. आधी माहीत असलेल्या गोष्टीत कारागीर आपल्या नेहमीच्या कौशल्याने जी सुधारणा करतो, तिच्यापेक्षा शोधात काही अधिक असावे लागते, ही त्या निकालातील भूमिका आजही रासायनिक अर्जांना तशीच लागू केली जाते.

कलम ३(ई) ची हरकत आणि सहज सुचण्याची हरकत एकच आहे का?

नाही, पण दोन्ही हरकती बहुधा जोडीनेच येतात. कलम ३(ई) नुसार, घटकांच्या गुणांची फक्त बेरीज होईल असे निव्वळ मिश्रण हा शोधच मानला जात नाही. आम्ल गंज काढते, सर्फॅक्टंट, म्हणजे मळ सोडवणारा साबणासारखा घटक, तेल काढते आणि सुगंधी द्रव्य वास देते. तिघांना एका बाटलीत भरल्यावर गंज, तेल आणि वास यांचीच कामे होत असतील, तर ती बेरीज झाली. ३(ई) मधून सुटायचे, तर घटकांनी एकमेकांवर काही परिणाम करून बेरजेपेक्षा वेगळे काही निर्माण केले पाहिजे. याला सामान्यतः सिनर्जी म्हणतात.

आता जो मुद्दा अनुभवी अर्जदारांच्याही नजरेतून निसटतो, तो असा. सिनर्जी सिद्ध झाली म्हणजे इन्व्हेंटिव्ह स्टेप सिद्ध झाली, असे होत नाही. ॲनायनिक (ऋणभारित) आणि नॉनआयनिक (भाररहित) सर्फॅक्टंटची जोडी जड पाण्यात एकट्या ॲनायनिकपेक्षा चांगली टिकते आणि अनेकदा कमी मात्रेतही काम करते, हे पाठ्यपुस्तकात आहे. तुम्ही ती सिनर्जी पुन्हा एकदा उत्तम रीतीने मोजून दाखवलीत, तर ३(ई) चा अडथळा दूर होईल. परंतु ‘जाणकाराने हाच परिणाम अपेक्षिला असता’ हा आक्षेप जागच्या जागी राहील. म्हणून नुसता परिणाम मोठा असून भागत नाही, तो अनपेक्षितही असावा लागतो, आणि अपेक्षा काय होती हे तुमच्या मनावरून ठरत नसून आधीच्या साहित्यावरून ठरते.

अनपेक्षित परिणाम दाखवण्यासाठी चाचणी कशी मांडावी?

येथे थोडे थांबून आकडे पाहणे गरजेचे आहे, कारण बहुतेक अर्ज कल्पनेच्या अभावी पडत नाहीत, ते चुकीच्या तुलनेमुळे पडतात. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन सर्फॅक्टंटे आहेत. प्रमाणित पद्धतीने मळवलेल्या सुती कापडाचे तुकडे ३०० पीपीएम कठीणतेच्या पाण्यात, ३० अंश सेल्सिअस तापमानाला, ठरावीक वेळ धुतले आणि धुण्याआधी व नंतर रिफ्लेक्टोमीटरने परावर्तन मोजले. दोन्ही मापांतील फरक जितका मोठा, तितका मळ अधिक निघाला. लिटरला २ ग्रॅम ‘अ’ घातल्यावर हा फरक ३४ आला आणि लिटरला २ ग्रॅम ‘ब’ घातल्यावर २८ आला, असे समजू. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत.)

अनेक अर्जांतील तक्त्यांत यानंतर २ ग्रॅम ‘अ’ आणि २ ग्रॅम ‘ब’ एकत्र घालून मिळालेला आकडा ठळक अक्षरांत दिलेला असतो. ही तुलना निरुपयोगी आहे, कारण मात्रा दुप्पट झाली आहे. दुप्पट साबणाने कपडा जास्त स्वच्छ होतो, हे सांगायला पेटंट कार्यालयाची गरज नाही. योग्य तुलना एकूण मात्रा तेवढीच ठेवून, म्हणजे १ ग्रॅम ‘अ’ आणि १ ग्रॅम ‘ब’ घालून करावी लागते. तेव्हा ३१ च्या आसपास आकडा आला, तर ती सरासरी झाली आणि मिश्रणात विशेष काही घडले नाही. आकडा ३६ आला, तर तो दोन्ही एकेकट्या घटकांपेक्षा वर आहे खरा, पण त्याच द्रावणाच्या पाच वेळा केलेल्या चाचण्यांमध्येच तीन-चार एककांचा फरक पडत असेल, तर या ३६ वर कुणी विश्वास ठेवणार नाही. आकडा ४७ आला आणि तो पुन्हा पुन्हा तसाच येत राहिला, तर मात्र बोलण्यासारखे काही हाती लागले असे म्हणता येईल.

यापुढचा प्रश्न असतो, की तुलना कोणाशी केली. आपल्याच कारखान्यातील जुन्या बॅचशी किंवा बाजारातील सर्वाधिक खपाच्या पावडरीशी केलेली तुलना विक्रीच्या पत्रकात शोभते. पेटंटसाठी तुलना आधीच्या ज्ञानातील सर्वांत जवळच्या मिश्रणाशी करावी लागते, म्हणजे तुमच्या मिश्रणापेक्षा शक्यतो एकाच बाबतीत वेगळे असलेल्या मिश्रणाशी. एकाच वेळी सर्फॅक्टंट, सामू आणि तापमान असे तिन्ही बदलले, तर परिणाम कशामुळे झाला हे कुणालाच कळत नाही.

दाव्याची व्याप्ती हादेखील याच प्रश्नाचा भाग आहे. चाचणी ५ टक्के आणि ७ टक्के या दोनच प्रमाणांवर केली असेल आणि दाव्यात ‘१ ते ४० टक्के’ असे लिहिले असेल, तर उरलेल्या पट्ट्यात तो अनपेक्षित परिणाम दिसतो याला आधार राहत नाही. मराठवाड्यातील बोअरच्या जड पाण्यात आपले द्रावण फेसाळते, असा दावा करणाऱ्याने चाचणीही तशाच पाण्यात करावी. डिस्टिल्ड वॉटरमधले आकडे त्या दाव्याला उपयोगी पडत नाहीत.

घटक तेच ठेवून फक्त प्रमाण बदलले, तर पेटंट मिळू शकते का?

क्वचित मिळते. माहीत असलेल्या पट्ट्यातून सर्वोत्तम प्रमाण शोधणे हे जाणकाराचे रोजचे काम समजले जाते. पण प्रमाणाची दिशाच प्रस्थापित समजुतीच्या उलट असेल, तर गोष्ट वेगळी होते. १९४६ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या टाइडची कथा या संदर्भात सांगण्यासारखी आहे. बिल्डर, म्हणजे पाण्याची कठीणता आवरणारा क्षार, जास्त घातला की कपडे ताठ आणि खरखरीत होतात, असा त्या काळच्या प्रयोगांचा अनुभव होता. म्हणून बिल्डर बेताने घालण्याकडे कल असे. प्रॉक्टर अँड गॅम्बलमधील डेव्हिड बायर्ली यांनी प्रमाण उलटवले आणि एक भाग अल्किल सल्फेटला तीन भाग सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट घातले. कपडे स्वच्छ निघाले आणि ताठही झाले नाहीत. घटकांची यादी पाहून हे मिश्रण साधे वाटते. त्या वेळच्या रसायनतज्ज्ञांची अपेक्षा लक्षात घेतली, की ते तसे राहत नाही.

कोणत्या परिस्थितीत अर्जदाराची बाजू भक्कम असते?

आधीचे साहित्य ज्या वाटेने जाऊ नका असे सांगते, त्याच वाटेने जाऊन यश मिळाले असेल तेव्हा. ॲनायनिक सर्फॅक्टंट आणि बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखे कॅटायनिक (धनभारित) जंतुनाशक एकत्र केले, की दोघांचे न विरघळणारे संयुग बनून साका बसतो आणि जंतुनाशक शक्तीही घटते, हे या धंद्यातील प्रत्येकाला माहीत आहे. एखाद्याने तिसरा घटक घालून ही जोडी पारदर्शक द्रावणात महिनोन् महिने टिकवली आणि जंतुनाशक शक्तीही मोजून दाखवली, तर ‘हे सहज सुचले असते’ असे म्हणणाऱ्यालाच त्याचे कारण द्यावे लागेल.

हायपोक्लोराइट ब्लीच आणि प्रोटिएज (प्रथिनांचे डाग तोडणारे एन्झाइम) यांचेही तसेच आहे. प्रोटिएज हे स्वतःच प्रथिन असल्यामुळे ब्लीच त्याचा नाश करते. मात्र या ठिकाणी तारखेचे भान ठेवले पाहिजे. कपडे धुण्यात स्वादुपिंडातील एन्झाइम वापरण्याचे पेटंट जर्मनीतील ओटो रोम यांच्या नावावर १९१३ चे आहे, आणि पावडरीमध्ये एन्झाइमच्या दाण्यांना आवरण देऊन त्यांना पर्कार्बोनेट या पावडरीतील ब्लीचपासून वेगळे ठेवण्याची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. म्हणून एकेकाळी धाडसी असलेली गोष्ट आज वापरली, तर ती आजच्या अर्जाच्या तारखेला जे ज्ञान होते त्यावरूनच तोलली जाते.

परीक्षकाने तीन वेगवेगळे जुने दस्तऐवज जोडून आमचे मिश्रण ‘तयार’ केले आहे. हे ग्राह्य आहे का?

दस्तऐवज जोडणे ग्राह्य आहे. मात्र ते का जोडले असते, याचे कारण दिले गेले पाहिजे. तुमचा अर्ज समोर ठेवून, त्यातील घटकांच्या नावांनी शोध घेऊन, सापडलेले तुकडे चिकटवणे म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणे होय. युरोपीय पेटंट कार्यालयात यासाठी एक नेमका प्रश्न विचारला जातो : जाणकाराला हे करता आले असते का, एवढे पुरेसे नसून, समोरची अडचण सोडवण्याच्या अपेक्षेने त्याने ते खरोखरच केले असते का? अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालानंतर, जुन्या कागदात अशी जोडणी करा असे लिहिलेलेच असले पाहिजे हा आग्रह सैल झाला आणि जाणकाराच्या साधारण कल्पकतेलाही जागा मिळाली. तरीही कारण देण्याची जबाबदारी संपली नाही.

भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ॲग्रीबोर्ड इंटरनॅशनल प्रकरणात हे स्पष्ट केले, की इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या अभावी अर्ज नाकारताना आधीच्या ज्ञानात काय उघड झाले आहे, अर्जातील शोध काय आहे आणि जाणकाराला तो कोणत्या मार्गाने सहज सुचला असता, या तिन्ही गोष्टींची चर्चा आदेशात असली पाहिजे. ‘डी१ आणि डी२ (म्हणजे आधीचे दोन दस्तऐवज) पाहता शोध उघड आहे’ एवढ्या एका ओळीत अर्ज फेटाळलेला असेल, तर अपिलात हा मुद्दा जरूर मांडावा. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यामुळे अशी अपिले आता उच्च न्यायालयात जातात. अर्थात, परीक्षकाचे कारण थोडक्यात असले तरी बरोबर असू शकते, हेही अर्जदाराने आधी स्वतःशी प्रामाणिकपणे तपासून घ्यावे.

रिठा, शिकेकाई, चिंच किंवा राख वापरून केलेल्या मिश्रणाचे काय?

येथे कलम ३(पी) आडवे येते. जे वस्तुतः पारंपरिक ज्ञानच आहे, किंवा परंपरेने माहीत असलेल्या घटकांच्या ज्ञात गुणांची बेरीज वा पुनरावृत्ती आहे, त्याला पेटंट मिळत नाही. तांब्याचा हंडा चिंचेने घासला की लखलखतो, हे घराघरांत माहीत आहे. त्यामागे टार्टारिक आम्लाने तांब्यावरील ऑक्साइडचा थर विरघळतो हे रासायनिक स्पष्टीकरण नव्याने जोडल्याने ज्ञान नवे होत नाही. रिठ्यातील सॅपोनिन फेस करते आणि मळ काढते, हेही तसेच.

अशा ज्ञानाचा पुरावा कागदावर असणे किती निर्णायक असते, हे हळदीच्या प्रकरणात दिसले. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले होते. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने लेखी पुरावे सादर करून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले, आणि परीक्षक आता त्यात शोध घेतात. रिठ्याच्या अर्काला काही महिने बुरशी लागू न देणारी एखादी अपरिचित प्रक्रिया तुम्ही शोधली असेल, तर दावा त्या प्रक्रियेचा करावा, रिठ्याचा नव्हे.

बाजारात आमचे उत्पादन जोरात खपते. हा पुरावा चालतो का?

दुय्यम पुरावा म्हणून चालतो, पण खप जाहिरातीमुळे, वितरकाच्या कमिशनमुळे किंवा बाटलीच्या आकारामुळे नसून दावा केलेल्या वैशिष्ट्यामुळेच आहे, हे दाखवावे लागते. ते सहसा जमत नाही.

परंतु विक्री अर्जापूर्वीच सुरू झाली असेल तर?

मग आधी त्याचीच चिंता करावी. अर्जापूर्वीचा सार्वजनिक वापर तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकतो. कायद्यातील सवलती मर्यादित आहेत : सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन, विद्वत्सभेपुढील निबंध, किंवा शोधाच्या स्वरूपामुळे सार्वजनिक ठिकाणी करावीच लागलेली वाजवी चाचणी, आणि त्याही बारा महिन्यांच्या आत. दुकानातील विक्री यांपैकी कशातच बसत नाही.

चाचण्यांचे आकडे हरकत आल्यावर सादर केले तर चालतील का?

प्रतिज्ञापत्रासोबत पूरक आकडे देण्याचा प्रयत्न करता येतो, पण मूळ विनिर्देशात (शोधाचे वर्णन असलेल्या अर्जाच्या दस्तऐवजात) ज्या परिणामाचा साधा उल्लेखही नाही, तो नंतर उभा करणे फार अवघड जाते. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती करताना मूळ मजकुरात नसलेली बाब घालता येत नाही. यावर सरळ उपाय असा, की आधी तात्पुरता विनिर्देश दाखल करून तारीख मिळवावी आणि पूर्ण विनिर्देशासाठी मिळणारे बारा महिने जाहिरातीची तयारी करण्यात न घालवता वर सांगितलेल्या तुलनात्मक चाचण्यांवर खर्च करावेत. चाचणीच्या वहीत तारखा, बॅच क्रमांक आणि फसलेले प्रयोगही नोंदवावेत. फसलेले प्रयोग फार मोलाचे असतात, कारण नेहमीच्या वाटा बंद होत्या हे त्यांवरूनच दाखवता येते.

प्रतिस्पर्ध्याने अगदी सामान्य मिश्रणासाठी अर्ज केला आहे. आम्ही काय करू शकतो?

अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर आणि पेटंट मिळण्यापूर्वी कलम २५(१) खाली कुणालाही विरोध नोंदवता येतो. २०२४ च्या नियमदुरुस्तीपासून त्यासाठी शुल्क भरावे लागते. पेटंट मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत कलम २५(२) खाली हितसंबंधित व्यक्तीला विरोध करता येतो. दोन्हींमध्ये ‘सहज सुचण्याजोगे’ हा आधार उपलब्ध आहे. ‘आम्ही हे वर्षानुवर्षे करतो’ या वाक्याला वजन येते ते तारीख असलेली बिले, जुनी लेबले आणि उत्पादकांची तांत्रिक माहितीपत्रके सोबत असली तर.

पेटंट हवे आहे, पण नेमका फॉर्म्युला उघड करायचा नाही. मार्ग आहे का?

नाही. कलम १० नुसार अर्जदाराला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत विनिर्देशात लिहावीच लागते. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि तो पुढे नाकारला गेला तरी प्रसिद्ध झालेला फॉर्म्युला परत गुप्त होत नाही. चाचण्यांचे आकडे सरासरीच्या आसपासच रेंगाळत आहेत असे लक्षात आले, तर अर्ज प्रसिद्धीच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे सामान्यतः पंधराव्या महिन्यापर्यंत, मागे घ्यावा. त्यानंतर मागे घेतला, तर प्रसिद्धी टळेलच असे नाही.